पीटर्सबर्गची गोळी : एका सेनानीची पन्नास वर्षे न भरलेली जखम

२४ फेब्रुवारी १९१४. अमेरिकेच्या मेन राज्यातील पोर्टलंड शहरात पंचाऐंशी वर्षांच्या एका वृद्धाचा मृत्यू झाला. पहिले महायुद्ध तेव्हा पाच महिन्यांवर येऊन ठेपले होते. या वृद्धाच्या मृत्यूचे मूळ कारण मात्र १८ जून १८६४ रोजी लागलेली बंदुकीची गोळी हे होते. या दोन तारखांमध्ये जवळजवळ पन्नास वर्षांचे अंतर आहे. अमेरिकन यादवी युद्धातील जखमेने मरण पावलेला बहुधा शेवटचा सैनिक म्हणून त्याचे नाव घेतले जाते : जोशुआ लॉरेन्स चेंबरलेन.

गेटिसबर्गची लढाई ज्यांनी वाचली आहे त्यांना हे नाव ठाऊक असते. २ जुलै १८६३ रोजी लिटल राउंड टॉप नावाच्या टेकडीवर विसाव्या मेन पलटणीचा दारूगोळा संपत आला होता, आणि तेव्हा संगिनी रोखून उतारावरून धावून जाण्याचा हुकूम देणारे कर्नल ते हेच. त्यांच्यावर पुस्तके लिहिली गेली, कादंबरी आली, १९९३ मध्ये चित्रपटही आला. चित्रपटातील चेंबरलेन टेकडीवर उभे असतात आणि तिथेच अजरामर होतात. त्यांच्या उरलेल्या आयुष्याला आकार देणारा दिवस त्यानंतर वर्षभराने उजाडला. त्या दिवसावर चित्रपट निघालेला नाही, आणि त्याचे कारण जखमेच्या जागेत आहे.

हा धागा त्या जखमेविषयी आणि तिच्यावर मदत मिळवण्याच्या दीर्घ धडपडीविषयी आहे.

चेंबरलेन हे मुळात शिपाईगडी नव्हते. जन्म १८२८ चा. बोडन कॉलेजात वक्तृत्व आणि आधुनिक भाषा शिकवणारे प्राध्यापक, धर्मशास्त्राचेही शिक्षण घेतलेले. १८५५ मध्ये फ्रान्सेस ॲडम्स, म्हणजे फॅनी, हिच्याशी त्यांचा विवाह झाला. १८६२ मध्ये युरोपात जाऊन अभ्यास करण्यासाठी कॉलेजाने त्यांना दोन वर्षांची रजा मंजूर केली होती. त्या सवलतीचा लाभ घेऊन ते युरोपाला न जाता सैन्यात दाखल झाले.

जून १८६४ मध्ये उत्तरेच्या फौजा व्हर्जिनियातील पीटर्सबर्गला भिडल्या. चेंबरलेन यांच्याकडे आता एक संपूर्ण ब्रिगेड होती. १८ तारखेच्या हल्ल्यात आघाडीवरून चालत असताना सैनिकांना दिशा दाखवण्यासाठी ते अर्धवट वळले आणि त्याच क्षणी उजव्या कमरेखाली गोळी लागली. आपण पडलो तर फळी मोडेल, हे जाणून त्यांनी तलवार जमिनीत रोवली आणि तिच्यावर भार देऊन ते उभे राहिले. सैनिक पुढे निघून गेल्यावरच ते खाली कोसळले.

ती मिनिए गोळी होती. मऊ शिशाची, जड. हाडाला लागली की चपटी व्हायची आणि वाटेत येईल ते फाडत जायची. उजव्या कमरेतून शिरून तिने ओटीपोट तिरके छेदले. मूत्राशय आणि मूत्रमार्ग दोन्ही दुखावले, आणि ती डाव्या कमरेपाशी कातडीखाली येऊन थांबली.

त्या काळी अशा जखमेवर शल्यवैद्य बहुधा हात लावत नसत. हे निष्ठुरपणामुळे घडत नव्हते, त्यामागे अनुभव होता. फाटलेल्या मूत्रमार्गातून लघवी आजूबाजूच्या मांसात झिरपते, मांस कुजते आणि रोगी काही दिवसांत जातो. जंतुनाशक शस्त्रक्रियेवरचे जोसेफ लिस्टर यांचे लेख प्रसिद्ध व्हायला अजून तीन वर्षे अवकाश होता. भूल देता येत होती. हात आणि हत्यारे निर्जंतुक करायची असतात, ही कल्पनाच नव्हती.

चेंबरलेन यांचे धाकटे भाऊ टॉम त्याच पलटणीत होते. त्यांनी शोधाशोध करून दोन शल्यवैद्य आणले : विसाव्या मेन पलटणीचे ॲबनर शॉ आणि चव्वेचाळिसाव्या न्यूयॉर्क पलटणीचे मॉरिस टाउनसेंड. रात्रभर दोघे खटपट करत राहिले. तुटलेला मार्ग जुळवून त्यांनी त्यातून धातूची मूत्रनळी, म्हणजे कॅथेटर, मूत्राशयात नेली. प्राण वाचले ते या नळीमुळे.

वाचतील अशी आशा मात्र कोणालाच नव्हती. दुसऱ्या दिवशी चेंबरलेन यांनी पेन्सिलीने फॅनीला निरोपाचे पत्र लिहिले. जनरल ग्रँट यांनी त्यांना ब्रिगेडियर जनरलचा हुद्दा दिला, तोही मरणाऱ्याचा सन्मान म्हणून. न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांत त्यांच्या मृत्यूची बातमीही छापून आली. स्वतःची मृत्युवार्ता वाचण्याचा योग फार थोड्यांच्या वाट्याला येतो. तो त्यांच्या वाट्याला आला.

त्यांना जहाजाने ॲनापोलिसच्या लष्करी रुग्णालयात हलवण्यात आले. फॅनी तिथे पोहोचली तेव्हा ती गर्भवती होती. हे मूल जखमेपूर्वीचे. जानेवारी १८६५ मध्ये मुलगी जन्मली आणि त्याच वर्षी वारली. त्यानंतर या दांपत्याला अपत्य झाले नाही. तेव्हा चेंबरलेन छत्तीस वर्षांचे होते.

आता त्या नळीकडे पुन्हा वळावे लागेल. कठीण धातूची नळी नाजूक मार्गात दीर्घ काळ राहिली तर ती आतून टोचत राहते, तिच्यावर क्षार जमतात, आणि दाब पडतो त्या जागी मांस झिजते. चेंबरलेन यांच्या बाबतीत असेच घडले. शिश्नाच्या मुळाशी, वृषणकोशाच्या अगदी पुढे, मूत्रमार्गातून थेट कातडीपर्यंत एक छिद्र पडले. मराठी वैद्यक परिभाषेत याला नाडीव्रण म्हणतात. लघवीचा काही भाग त्या वाटेने बाहेर येऊ लागला, आणि ती वाट मरेपर्यंत पूर्ण बुजली नाही. ज्या उपायाने जीव वाचवला त्यानेच आयुष्यभराचे दुखणे दिले. डॉक्टरांना यासाठी दोष देणे अन्यायाचे होईल. आज रुग्णालयात सर्रास दिसणारी, टोकाला फुगा असलेली मऊ नळी अमेरिकन डॉक्टर फ्रेडरिक फोली यांच्या नावाने ओळखली जाते. तिचा काळ १९३० च्या दशकाचा.

तरीही नोव्हेंबर १८६४ मध्ये हे गृहस्थ आघाडीवर परतले. घोड्यावर बसणे दूरच, चालणेही कठीण होते. हिवाळ्यात पुन्हा शस्त्रक्रियेसाठी जावे लागले. मार्च १८६५ च्या अखेरीस क्वेकर रोडवर पुन्हा गोळी लागली. १२ एप्रिल १८६५ रोजी ॲपोमॅटॉक्स येथे दक्षिणेच्या पायदळाने शस्त्रे खाली ठेवली, तेव्हा ती स्वीकारण्यासाठी उभ्या असलेल्या फौजेचे नेतृत्व चेंबरलेन करत होते. पराभूतांना त्यांनी लष्करी मानवंदना देवविली. तो प्रसंग सर्वांना माहीत आहे. त्या वेळी त्यांच्या गणवेशाखाली न भरलेला व्रण होता, हे सहसा सांगितले जात नाही.

युद्ध संपले. मेनच्या जनतेने त्यांना एकेका वर्षाच्या चार मुदतींसाठी गव्हर्नर म्हणून निवडून दिले. पुढे १८७१ ते १८८३ ते बोडन कॉलेजाचे अध्यक्ष होते. बाहेरून पाहता हे यशाचे आयुष्य. आतून मात्र ताप, थंडी, मूत्रमार्गाचे आणि वृषणांचे वारंवार होणारे संसर्ग, असह्य वेदना आणि कपडे ओले होण्याची सततची धास्ती. भाषण देणाऱ्या, मेजवान्यांत वावरणाऱ्या पुरुषाला ही धास्ती काय करत असेल, याची कल्पना करता येते.

लैंगिक क्षमतेचे काय? इथे इतिहासकाराला जपून पाऊल टाकावे लागते. चेंबरलेन यांचे आठवणींचे पुस्तक ‘द पासिंग ऑफ द आर्मीज’ त्यांच्या मृत्यूनंतर १९१५ मध्ये निघाले. त्याचा विषय १८६५ ची अखेरची मोहीम हा आहे. जखमेचा दिवस त्या चौकटीच्या बाहेरच राहतो. म्हणून अभ्यासकांना वैद्यकीय नोंदींवर भिस्त ठेवावी लागते. २००० साली ‘जर्नल ऑफ युरॉलॉजी’ या मूत्ररोगशास्त्राच्या नियतकालिकात त्यांच्या जखमेवर स्वतंत्र लेख आला. गोळीचा मार्ग, नाडीव्रणाची जागा, पुढचे संसर्ग आणि अपत्यांचा अभाव हे सारे एकत्र ठेवले की वैवाहिक संबंधांवर या जखमेचा गंभीर परिणाम झाला असावा, असे अनुमान बहुतेक चरित्रकार काढतात. ते अनुमानच आहे, पण भक्कम आहे.

या दुखापतीचे ज्ञान जगाला नवे होते असे समजू नये. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात क्लैब्याचे, म्हणजे नपुंसकत्वाचे, सहा प्रकार सांगितले आहेत. त्यांत मनाच्या आघाताने येणारा एक आहे, तसाच शिश्नाच्या मोठ्या रोगाने किंवा मर्म छेदले गेल्याने येणाराही एक आहे. जन्मजात प्रकार आणि मर्मच्छेदाने आलेला प्रकार हे दोन असाध्य आहेत, असे ग्रंथकार स्पष्ट लिहितो. मूतखड्याच्या शस्त्रक्रियेत शुक्रवाहिनी दुखावू नये म्हणून वैद्याला बजावण्यात आले आहे. ग्रंथकाराला यात लाजण्यासारखे काही वाटलेले दिसत नाही. आजार सांगावा आणि असाध्य असेल तर तेही सांगावे, इतके ते सरळ आहे.

एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत हा सरळपणा दुर्मीळ होता. १८७३ च्या कॉमस्टॉक कायद्याने ‘अश्लील’ मजकूर टपालाने पाठवणे गुन्हा ठरवले, आणि संततिनियमनाची माहितीही त्यात गणली गेली. दुसऱ्या बाजूला त्याच टपालाने ‘गेलेले पौरुष’ परत आणणाऱ्या औषधांच्या जाहिराती घरोघर जात. शतकाच्या अखेरीस कमरेला बांधायचे विजेचे पट्टे निघाले. सिअर्स या प्रसिद्ध दुकानाच्या सूचिपत्रातही असा पट्टा विकायला होता. लाजेने गप्प राहिलेल्या पुरुषाच्या खिशात हात घालणारा धंदा आपल्याकडच्या रेल्वेमार्गालगतच्या भिंती वाचणाऱ्यांना अनोळखी वाटणार नाही.

चेंबरलेन त्या वाटेला गेल्याचे दिसत नाही. ते शिकलेल्या शल्यवैद्यांकडे जात राहिले. १८८३ मध्ये बोस्टनला त्यांच्यावर मोठी शस्त्रक्रिया झाली, आणि त्याच वर्षी त्यांनी कॉलेजाचे अध्यक्षपद सोडले. व्रण तरीही पूर्ण बुजला नाही.

मदतीचे आणखी एक दार होते, ते सरकारी. १८६२ च्या कायद्याने युद्धात अपंगत्व आलेल्यांना निवृत्तिवेतन मिळू लागले होते. त्यासाठी अर्जदाराला सरकारने नेमलेल्या शल्यवैद्यासमोर कपडे उतरवून तपासणी करून घ्यावी लागे. जखमेची जागा, छिद्राचा आकार, स्राव, सारे टिपले जाई. आज चेंबरलेन यांच्या जखमेविषयी जे निश्चित सांगता येते त्यातले पुष्कळसे अशा तपासण्यांमुळेच टिकले आहे. गव्हर्नरपद भूषवलेला माणूस टेबलावर पडून आहे आणि एक डॉक्टर फूटपट्टीच्या भाषेत त्याच्या देहाची नोंद करतो आहे, असा तो प्रसंग.

पण त्या कायद्याचे माप कोणते होते? अंगमेहनतीची क्षमता. सैनिक हाताने काम करण्यास किती असमर्थ झाला, यावर रक्कम ठरे. हात गेला, पाय गेला, डोळे गेले, तर हिशेब सोपा. गुप्तांगाच्या जखमेने नांगर धरता येत नाही असे थोडेच आहे? विवाह, अपत्य, शरीरसुख आणि माणसाची स्वतःविषयीची जाणीव यांना या हिशेबात जागाच नव्हती. हे केवळ सभ्यतेच्या संकोचाने घडले असे म्हणता येत नाही. सैनिकाकडे कामकरी शरीर म्हणून पाहणाऱ्या राज्याला दुसरे माप सुचले नाही, हे त्याचे अधिक खरे कारण दिसते.

फॅनीला तर कोणत्याच नोंदवहीत जागा नव्हती. गव्हर्नर असताना चेंबरलेन ऑगस्टा या राजधानीत असत आणि ती बहुधा ब्रन्सविकच्या घरीच राही. नोव्हेंबर १८६८ मध्ये चेंबरलेन यांनी तिला लिहिलेले एक पत्र उपलब्ध आहे. आपण तिला मारहाण करतो असे ती इतरांना सांगत असल्याचे त्यांच्या कानावर आले होते. हवे असल्यास गाजावाजा न करता वेगळे व्हावे, असे त्यांनी त्यात सुचवले आहे.

या पत्राचे काय करायचे, हा चरित्रकारांपुढचा अवघड प्रश्न. काहींनी जखमेच्या वेदनेकडे बोट दाखवून विषय मिटवला. हे पटण्यासारखे नाही. वेदना हे मारहाणीचे समर्थन होऊ शकत नाही, आणि नुसत्या कानावर आलेल्या गोष्टीवरून निवाडाही करता येत नाही. शिवाय या संसारातील ताण १८६४ च्या आधीच्या पत्रव्यवहारातही दिसतात. गोळीने सगळेच घडवले असे मानणे सोयीचे आहे, एवढेच. निश्चित सांगता येते ते इतके : पतीच्या जखमेवर डॉक्टर होते, निवृत्तिवेतन होते, पुढे १८९३ मध्ये सर्वोच्च लष्करी पदकही आले, पण त्या जखमेने दोघांच्या सहजीवनात जे मोडले त्याविषयी बोलण्यासाठी त्या काळाने एकही जागा ठेवली नव्हती.

ते वेगळे झाले नाहीत. उतारवयात फॅनीची दृष्टी गेली. १९०५ मध्ये तिचा मृत्यू झाला. चेंबरलेन त्यानंतर आणखी आठ वर्षांहून थोडा अधिक काळ जगले, पोर्टलंड बंदरात सरकारी अधिकारी म्हणून अखेरपर्यंत काम करत.

विसाव्या शतकात वैद्यक झपाट्याने पुढे गेले. १९३६ मध्ये सोव्हिएत शल्यवैद्य निकोलाय बोगोराझ यांनी रुग्णाच्याच कातडीपासून नळकांडे तयार करून शिश्नाची पुनर्रचना केल्याचे प्रसिद्ध केले. पहिल्या महायुद्धातील विद्रूप चेहऱ्यांवर काम करणारे हॅरल्ड गिलीज यांनी हेच तंत्र इंग्लंडमध्ये आणखी विकसित केले. पेनिसिलिन आले, आणि ज्या संसर्गाने चेंबरलेन यांना पन्नास वर्षे छळले तो काही दिवसांत आटोक्यात येऊ लागला.

मग युद्धाचे शस्त्र बदलले. इराक आणि अफगाणिस्तानात जमिनीत पुरलेल्या स्फोटकांचा मारा खालून वर येत असे. छातीवर चिलखत आणि हाताशी तत्काळ उपचार असल्याने पूर्वी जे दगावले असते ते सैनिक वाचू लागले, पण दोन्ही पाय आणि मांड्यांमधला भाग गमावून. २००१ ते २०१३ या काळात अमेरिकेच्या १,३६७ पुरुष सैनिकांना जननेंद्रिये वा मूत्रमार्गाच्या दुखापती झाल्याची नोंद आहे. त्यांतले बहुतेक जण पस्तिशीच्या आतले होते. १८६४ मधले चेंबरलेन साधारण याच वयाचे.

२६ मार्च २०१८ रोजी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात अफगाणिस्तानात जखमी झालेल्या एका सैनिकावर चौदा तास शस्त्रक्रिया चालली. मृत दात्याचे शिश्न, वृषणकोश आणि पोटाच्या भिंतीचा काही भाग त्याला बसवण्यात आला. वृषण मात्र बसवले नाहीत. तसे केले असते तर पुढे होणारी संतती जनुकीयदृष्ट्या मृत दात्याची ठरली असती, आणि वैद्यकीय नीतीला ते मान्य नव्हते. आपले नाव प्रसिद्ध होऊ नये, अशी त्या सैनिकाची इच्छा होती.

कायद्याची चाल मात्र शस्त्रक्रियेपेक्षा मंद राहिली. अमेरिकेच्या माजी सैनिकांसाठीच्या आरोग्यसेवेला १९९२ च्या कायद्याने कृत्रिम गर्भधारणेचा उपचार देण्यास मनाई होती. युद्धातील दुखापतीमुळे अपत्य होऊ न शकणाऱ्यांसाठी २०१६ मध्ये ती वाट उघडली, पण अट अशी की जोडपे विवाहित असावे आणि बीज त्यांचे स्वतःचेच असावे. ज्याचे वृषणच स्फोटात गेले, त्याला ही सवलत कागदावरच राहिली. ती अट २०२४ मध्ये काढण्यात आली.